पेशीच्या दारांतला पहारा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला कीं तापलेल्या जमिनींतून जो सुगंध दरवळूं लागतो, त्याचें श्रेय सर्वसाधारणपणें मातीला देण्यांत येतें. परंतु त्या सुगंधाचा बराचसा भाग मातीचा नसतो. तो मातींत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जंतूंचा असतो. जिऑस्मिन नांवाचें जें द्रव्य ह्या वासाचें एक प्रमुख कारण आहे, तें निर्माण करणाऱ्या जंतूंमध्यें स्ट्रेप्टोमायसिस ह्या कुळाला मोठें स्थान आहे. ह्याच कुळांतील ग्रिसियस नांवाच्या एका जंतूनें मानवजातीवर फार थोर उपकार केले आहेत. १९४३ सालीं अमेरिकेंतील रट्गर्स येथें, वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या अल्बर्ट शाट्झ ह्या तरुण संशोधकानें ह्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन हें औषध मिळविलें आणि क्षयरोगापुढें हतबल झालेल्या वैद्यकाच्या हातीं प्रथमच एक खरें शस्त्र आलें. पुढें पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यांतही हें औषध तयार होऊं लागलें. ह्या औषधामुळें ज्या घरांतून एखादा मुलगा किंवा एखादी सून मृत्यूच्या दारांतून परत आली, अशीं घरें महाराष्ट्रांत थोडींथोडकीं नाहींत.

परंतु दुसऱ्यांना मारणाऱ्यालाही मारणारा कोणी तरी असतोच, हा सृष्टीचा नियम आहे. क्षयाच्या जंतूंना नमविणारें द्रव्य ज्याच्या अंगीं, त्या ग्रिसियसलाही शत्रु आहेत. त्या शत्रूंपासून स्वतःचा बचाव करण्यासाठीं त्यानें आपल्या पेशींत एक पहारेकरी ठेवला आहे. हा पहारेकरी कसा जागा होतो, कसा वार करतो, आणि मुख्य म्हणजे वार करतांना स्वतःच्याच घरधन्याचा गळा कसा कापीत नाहीं, ही हकीगत गेल्या कांहीं वर्षांत उलगडली आहे. ती जितकी सूक्ष्म, तितकीच मनोवेधक आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेणें अवश्य आहे. जंतूंना खाणारे विषाणु असतात, ही गोष्ट इंग्लंडांत ट्वॉर्ट ह्यांनीं १९१५ सालीं आणि पॅरिस येथें देरेल ह्यांनीं १९१७ सालीं उजेडांत आणली. देरेल ह्यांनीं ह्या विषाणूंना बॅक्टेरिओफेज, म्हणजे जंतुभक्षक, असें नांव दिलें. संक्षेपानें त्यांस फेज म्हणतात. पुष्कळशा फेजांची रचना एखाद्या पिचकारीसारखी असते. वर डोकें, त्यांत गच्च भरलेला डी.एन.ए. आणि खालीं शेपटी. जंतूच्या अंगावर बसून फेज आपला डी.एन.ए. आंत टोचतो, त्याचें कवच बाहेरच राहतें. आंत शिरलेला तो धागा म्हणजे जणूं परक्याचा हुकूमनामा होय. तो एकदां पेशीच्या यंत्रांना मिळाला कीं तीं यंत्रें धन्याचें काम सोडून परक्याचें काम करूं लागतात. आतड्यांतील कोलाय जंतूंवर कांहीं फेजांचा हल्ला झाला असतां अर्ध्या तासाच्या आंतबाहेर पेशी फुटते आणि शेंकडों नवे फेज बाहेर पडतात. जंतूला विचार करावयास सवड अशी मिळतच नाहीं. जें करावयाचें तें कांहीं मिनिटांत करावयाचें असतें.

डी.एन.ए. म्हणजे काय, हें आतां शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतें. दोन धाग्यांची पीळ घातलेली ती एक शिडी आहे. तिच्या पायऱ्या चार रासायनिक अक्षरांच्या बनलेल्या असून त्यांना ए, टी, जी आणि सी अशीं नांवें आहेत. एका धाग्यावर ए असेल तर समोर टी येतें. जी असेल तर समोर सी येतें. हीं अक्षरें ज्या क्रमानें येतात, त्या क्रमांत त्या जीवाचा सारा प्रपंच लिहिलेला असतो. ग्रिसियस जंतूच्या ह्या ग्रंथांत सुमारें ८५ लक्ष पायऱ्या आहेत. फेजाचा ग्रंथ त्या मानानें अगदींच लहान, म्हणजे एखाद्या पोथीपुढें चिठ्ठीसारखा असतो. परंतु लिपि मात्र दोहोंची एकच! पेशीपुढील खरा पेंच येथेंच आहे. चोर आणि घरचीं माणसें एकाच तऱ्हेचे कपडे घालून अंधारांत वावरत असतील, तर पहारेकऱ्यानें तरवार चालवावी कोणावर?

ह्या प्रश्नाचा पहिला धागा एका फुटलेल्या नळीमुळें हातीं लागला. इलिनॉय विद्यापीठांत साल्व्हादोर लुरिया हे फेजांवर प्रयोग करीत होते. कांहीं फेज एका जातीच्या जंतूंना मारीत, परंतु त्यांतून वाढून बाहेर पडतांना दिसत नसत. एके दिवशीं नेहमींच्या जंतूंची परीक्षानळी फुटली, म्हणून लुरिया ह्यांनीं शेजारच्या सहकाऱ्याकडून दुसऱ्या जातीचे जंतु उसने घेतले. आणि आश्चर्य असें कीं, त्या जंतूंवर ते फेज झपाट्यानें वाढले. फेज मेले नव्हते. फक्त कांहीं जंतूंच्या घरांत त्यांस थारा मिळत नव्हता. १९५२ सालीं लुरिया व ह्यूमन ह्यांनीं, आणि १९५३ सालीं बेर्तानी व वायगल ह्यांनीं हें चमत्कारिक वर्तन जगापुढें मांडलें. ज्या घरांत फेज वाढला त्या घराची कांहीं खूण तो अंगावर घेऊन निघतो, आणि ती खूण नसली तर दुसऱ्या घरीं त्याची गय होत नाहीं, असा त्याचा मथितार्थ होता.

ही खूण कोणती आणि गय न करणारा कोण, ह्याचें उत्तर जिनीव्हा येथें मिळालें. वेर्नर आर्बर आणि त्यांच्या सहकारी डेझी दुस्वा ह्यांनीं १९६२ सालीं दाखवून दिलें कीं, परक्या जंतूंत शिरलेल्या फेजाच्या डी.एन.ए.चे तुकडे पडतात. त्यांतून पुढें अशी उपपत्ति तयार झाली कीं, जंतूच्या पेशींत दोन एन्झाइमें जोडीनें नांदत असावींत. एन्झाइम म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन; मराठींत त्यास विकर असेंही म्हणतात. ह्या जोडींतील एक एन्झाइम अक्षरांचा ठराविक क्रम दिसला कीं तेथें डी.एन.ए. कापतें. दुसरें एन्झाइम त्याच क्रमावर, परंतु घरच्या डी.एन.ए.वर, मिथिल नांवाचा एक चिमुकला रासायनिक गट चिकटवून ठेवतें. हें जणूं घरच्या माणसाच्या कपाळीं लावलेलें गंध होय. गंध असेल त्याला कात्री शिवत नाहीं. नसेल त्याचे दोन तुकडे!

ह्यापुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९६८ सालीं मेसेल्सन व युआन ह्यांनीं कोलाय जंतूंतून असें एक एन्झाइम शुद्ध केलें, पण तें वाटेल तेथें कापीत असे. १९७० सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विल्कॉक्स ह्यांना हीमोफिलस जंतूंत असें एन्झाइम सांपडलें कीं, जें एका ठराविक सहा अक्षरी क्रमाच्या ऐन मध्यावर कापीत असे. त्याच विद्यापीठांत १९७१ सालीं कॅथलीन डॅना आणि डॅनियल नेथन्स ह्यांनीं त्याच्या साहाय्यानें एका विषाणूच्या डी.एन.ए.चे नेमके तुकडे पाडून दाखविले. आर्बर, नेथन्स आणि स्मिथ ह्यांना १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हव्या त्या ठिकाणीं डी.एन.ए. कापतां येऊं लागला, म्हणून तो जोडतांही येऊं लागला; आणि १९८२ पासून जंतूंकडून बनवून घेतलेलें मानवी इन्सुलिन मधुमेही रुग्णांना मिळूं लागलें. जंतूच्या घरचा पहारेकरी अशा रीतीनें माणसाच्या सेवेला लागला.

ह्या कात्र्यांची काम करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. मराठी मुलें 'रामाला भाला मारा' हें वाक्य उलटसुलट वाचून गंमत करतात. बहुतेक कात्र्यांना आवडणारे क्रमही अशाच जातीचे असतात. मात्र उलट वाचतांना समोरच्या धाग्यावरून वाचावें लागतें. ह्याचें कारण कात्रीचीं पातीं दोन असतात. एकाच प्रथिनाच्या दोन सारख्या प्रती समोरासमोर जुळून एक जोडी होते, आणि प्रत्येक पातें एक एक धागा कापतें. कापण्यासाठीं मॅग्नेशियमचे अणु लागतात. ते योग्य जागीं बसले नाहींत तर पातीं डी.एन.ए.ला धरून बसतात, पण कापीत नाहींत. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे.

ग्रिसियस जंतूपासून मिळालेली कात्री १९९० सालीं प्रसिद्ध झाली. जंतूच्या नांवांतील अक्षरें घेऊन तिचें नांव एस्.जी.आर्.ए. वन असें ठेवण्यांत आलें. सोयीसाठीं तिला ग्रिसियस-कात्री म्हणतां येईल. तिचा क्रम आठ अक्षरांचा आहे. त्यांतील सहा अक्षरें ठाम ठरलेलीं असून उरलेल्या दोन जागीं प्रत्येकीं दोन अक्षरांपैकीं कोणतेंही चालतें. हिशेब केल्यास असे वेगवेगळे क्रम तीन होतात. अक्षरें केवळ योगायोगानें पडत असतीं तर असा क्रम सरासरीनें १६,३८४ पायऱ्यांतून एकदां आला असता. म्हणजे ५०,००० पायऱ्यांच्या एखाद्या फेजांत ह्या कात्रीला सापडण्याजोग्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. शत्रु थोडक्या वेळांत घर बळकावणार, आणि पहारेकऱ्याला त्याचें अंग दिसणार तें दोनचार ठिकाणींच!

त्यांतही दुसरें आश्चर्य असें कीं, ही कात्री सुटी असतांना अत्यंत मंद आहे. आपल्या क्रमावर ती जाऊन बसते, परंतु कापण्याची तिला घाई नसते. असला आळशी पहारेकरी ठेवण्यांत ग्रिसियसनें काय शहाणपण दाखविलें, असें कोणासही वाटावें. परंतु २००२ सालीं अमेरिकेंत बिटिनायटे आणि शिल्डक्राउट ह्या संशोधकांनीं तिचा दुसराच स्वभाव उघड केला. जेथें तिच्या आवडीचे क्रम कापले गेले आहेत, तेथें त्या कापलेल्या टोकांच्या सान्निध्यांत ही कात्री एकाएकीं चपळ होते. इतकेंच नव्हे, तर एखादें अक्षर चुकलेले दुय्यम क्रमही कापूं लागते. मूळचे तीन क्रम. त्यांत आणखी चौदांची भर पडून सतरा होतात.

फेजाच्या दृष्टीनें हें मोठें संकट खरें. पण ग्रिसियसच्या दृष्टीनें काय? कारण घरच्या डी.एन.ए.वर मिथिलचें गंध लावलेलें असतें तें मूळच्या तीन क्रमांवर. दुय्यम चौदा क्रम घरच्या ८५ लक्ष पायऱ्यांच्या ग्रंथांतही ठिकठिकाणीं विखुरलेले आहेत, आणि त्यांवर ह्या गंधाचें संरक्षण नाहीं. म्हणजे शत्रूला पाहून चेकाळलेला पहारेकरी जर मोकळा सुटला, तर तो प्रथम चोराचे आणि मग घरच्या निरपराध माणसांचे तुकडे करील. डी.एन.ए.चा दुहेरी धागा ठिकठिकाणीं तुटणें हें पेशीच्या जिवावरचें दुखणें आहे. मंद राहावें तर शत्रु मारील. चपळ व्हावें तर स्वतःचेंच शस्त्र मारील. ह्या दुहेरी पेंचांतून ग्रिसियस वांचला कसा?

ह्या कोड्याचा पाठपुरावा ॲरिझोना विद्यापीठांतील नॅन्सी हॉर्टन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं केला. ग्रिसियस-कात्री आपल्या मूळ क्रमावर बसली आणि डी.एन.ए.चा तुकडा पुरेसा लांब असला, म्हणजे द्रवामध्यें मोठमोठे समूह तयार होतात, असें २०१० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. शिवाय ज्या परिस्थितींत हे समूह बनतात, नेमक्या त्याच परिस्थितींत कात्री चपळ होते. कात्र्या एकत्र येणें आणि कात्र्या जाग्या होणें ह्या दोन गोष्टी हातांत हात घालून येत होत्या. पण समूह म्हणजे केवळ गर्दी, कीं त्यांत कांहीं शिस्त होती?

ह्याचें उत्तर डोळ्यांनीं पाहूनच मिळण्यासारखें होतें. त्यासाठीं शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पद्धति उपयोगी पडली. ज्या पद्धतीच्या विकासाबद्दल दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन ह्यांना २०१७ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तीच ही. द्रवाचा अगदीं पातळ पापुद्रा क्षणार्धांत इतका थंड करावयाचा कीं पाण्याला स्फटिक होण्यासही वेळ मिळूं नये. आणि मग त्यांत जागच्या जागीं थिजलेल्या रेणूंचीं हजारों चित्रें घेऊन त्यांवरून गणितानें त्यांचा आकार उभा करावयाचा. दिमित्री लुमकिस आणि हॉर्टन ह्यांनीं सहकाऱ्यांसह २०१३ सालीं ह्या रीतीनें ग्रिसियस-कात्रीचें चित्र मिळविलें. तेथें गर्दी नव्हती. डी.एन.ए. हातीं धरलेल्या कात्र्या एकीला एक लागून, डाव्या हाताच्या पिळानें, एका जिन्याप्रमाणें चढत गेल्या होत्या. जिन्याच्या एका फेऱ्याला सुमारें चार कात्र्या. आणि जिन्याला शेवट असा नाहीं. दोन्ही टोकांना नवी कात्री येऊन केव्हांही जडावी, अशी ती रचना होती. हाच तो तंतु.

२०१९ पासून ह्या तंतूचीं आणखी स्पष्ट चित्रें मिळालीं, आणि कात्री जागी कशी होते हें अणूंच्या पातळीवर दिसूं लागलें. तंतूंत जागा मिळालेल्या कात्रीचीं दोन पातीं एकमेकांच्या संदर्भांत किंचित् वळतात. हें वळण फार थोडें असतें. पण त्यानें पात्याच्या धारेजवळचा प्रथिनाचा भाग सरकतो आणि मॅग्नेशियमच्या दुसऱ्या अणूला बसण्यास योग्य जागा तयार होते. सुट्या कात्रीची तीच जागा अवघडलेली असते. तो अणु बसला कीं धार पूर्ण होते. शेजारची कात्री नुसती शेजारी नसते. तिचा आणि तिच्या हातांतील डी.एन.ए.चा स्पर्श पहिलीला ह्या वळलेल्या स्थितींत धरून ठेवतो, आणि पहिली दुसरीला. अशा रीतीनें तंतूंत कात्रीचा वेग २०० पटींहून अधिक वाढतो. दुय्यम क्रमावर बसलेली कात्री एकटी असतां स्वतः होऊन ह्या स्थितींत सहसा येत नाहीं. परंतु तयार तंतूच्या टोकाला ती लागली, तर शेजाऱ्यांच्या आधारानें तीही वळते आणि कापूं लागते. कात्रीला नवें अक्षर वाचतां येऊं लागलें असा ह्याचा अर्थ नव्हे. एकटीला जो संकोच होता तो संगतींत नाहींसा झाला, इतकाच त्याचा अर्थ.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. ह्या जागृत झालेल्या कात्र्या घरच्या डी.एन.ए.वर कां तुटून पडत नाहींत? उत्तर असें कीं, त्यांची जागृति आणि त्यांचा बंदोबस्त ह्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तंतु सुरू होण्यासाठीं मूळ क्रमावर, तोही गंध नसलेल्या मूळ क्रमावर, बसलेल्या कात्र्या पाहिजेत. तसे क्रम असतात ते फेजाच्या डी.एन.ए.वर, घरच्या ग्रंथांतील मूळ क्रमांवर खूण असते. फेजाचे क्रम एकाच धाग्यावर ओवलेले असल्यामुळें त्यांवर बसलेल्या कात्र्या एकमेकींपासून फार दूर जाऊं शकत नाहींत. एकाच दोरीला बांधलेल्या दोन घागरी विहिरींत एकमेकींवर जशा वारंवार आपटतात, तशा त्या कात्र्या एकमेकींना वारंवार भेटतात आणि जुळतात. त्याच धाग्यावरील दुय्यम क्रमांवर बसलेल्या कात्र्याही ह्या जिन्यांत ओढल्या जातात. पण घरच्या डी.एन.ए.वरील दुय्यम क्रमावर एखादी कात्री बसलेली असली, तरी ती दुसऱ्याच दोरीवर असते. पेशींतील गर्दींतून वाट काढीत फेजावरील तंतूच्या टोकापर्यंत तिनें पोंचणें ही दूरची गोष्ट. ती पोंचण्यापूर्वीं फेजाचें काम आटोपलेलें असतें.

आणि जाग्या कात्र्या तंतु सोडून भटकावयास जात नाहींत कां? तंतु सोडला कीं ती पूर्ण झालेली धार जाते. पुन्हां तीच मंद, एकटी कात्री उरते. येथें एक म्हण आठवल्यावांचून राहत नाहीं: एकीचें बळ. परंतु ह्या एकीचा अर्थ नुसत्या बळापुरता नाहीं. दहा माणसांनीं एकमेकांचे हात घट्ट धरले म्हणजे त्यांची भिंत होते हें खरें. पण त्याचबरोबर त्यांतील एकाचाही हात मोकळा राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें. ग्रिसियसच्या पहारेकऱ्यांना शक्ति मिळते ती हात धरल्यानें, आणि त्यांना आवरही बसतो तो हात धरल्यानेंच.

येथें एक शंका साहजिक आहे. दोन दोन किंवा चार चार कात्र्यांचा ठराविक गट करूनही हें काम भागलें नसतें काय? तशा पद्धतीचीं एन्झाइमें सृष्टींत विपुल आहेत. हॉर्टन ह्यांच्या गटानें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत गणिती प्रतिकृति मांडून ह्या दोन पद्धतींची तुलना केली आहे. अशा कामांत सर्वाधिक वेळ खातें तें कापणें नव्हे, तर एकमेकींना गांठणें. ठराविक गट भरला म्हणजे त्याचें दार बंद होतें. मागाहून आलेल्या कात्रीला पुन्हां नव्या जोडीदाराची वाट पाहावी लागते. तंतूला मात्र दोन्ही टोकें सदैव मोकळीं असतात. जी येईल तिला जागा मिळते, आणि जागा मिळतांच तिला धार येते. म्हणून वेग आणि बंदोबस्त हे दोन्ही गुण एकत्र साधावयाचे तर तंतूच अधिक सरस ठरतो.

परंतु गणितावर भिस्त ठेवून शास्त्र थांबत नाहीं. त्याला प्रत्यक्षाची साक्ष लागते. त्याच संशोधनांत ह्या कात्रीच्या प्रथिनांत मुद्दाम लहान लहान फेरबदल करण्यांत आले, अशा जागीं कीं जेथें एक कात्री दुसरीला टेकते. तंतूची पकड सैल व्हावी हा त्यांतला हेतु होता. मग ह्या बदललेल्या कात्र्या बाळगणाऱ्या जंतूंवर फेज सोडण्यांत आले. मूळ कात्री बाळगणारे जंतु फेजांपुढें भक्कमपणें टिकले. तंतूची पकड ढिली झालेल्या जंतूंची मात्र दाणादाण उडाली; एवढेंच नव्हे, तर पकडींत थोडासा ढिलेपणा आला तरी संरक्षण जवळजवळ सर्वस्वी गेलें. तंतु ही परीक्षानळींत घडणारी एक मौज आहे, असें म्हणण्यास ह्यानंतर वाव राहिला नाहीं. कात्र्या पेशींत होत्या, शत्रूचा क्रमही समोर होता. फक्त हातांत हात नव्हते, आणि तेवढ्यानें घर बुडालें. कांहीं मिनिटांच्या त्या झुंजींत अर्धवट वेग आणि शून्य वेग ह्यांत फरक उरत नाहीं.

ग्रिसियसची ही युक्ति जगांत एकटी नाहीं. एन्झाइमें तंतु बनवितात, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या नजरेस १९६० च्या सुमारासच येऊं लागली होती. चरबी तयार करण्याच्या क्रियेंतील पहिली पायरी घडविणारें एक एन्झाइम सायट्रेट नांवाच्या द्रव्याच्या सान्निध्यांत लांबच लांब तंतूंत जुळतें आणि त्यामुळें कार्यक्षम होतें, असें तेव्हां आढळलें. परंतु पुष्कळ वर्षें अशा तंतूंकडे एक नवलाची वस्तु म्हणूनच पाहिलें गेलें. २०१० सालीं तीन निरनिराळ्या संशोधकगटांनीं सी.टी.पी. हें अत्यावश्यक द्रव्य बनविणाऱ्या एन्झाइमाचे तंतु जंतु, यीस्ट आणि माशी अशा परस्परांपासून दूरच्या जीवांत दाखविले, आणि मग हा विषय ऐरणीवर आला. त्यांतही निसर्गाचा विनोद असा कीं, कोलाय जंतूंत तंतु झाला म्हणजे हें एन्झाइम निजतें, तर मानवी पेशींत तंतु झाला म्हणजे तेंच एन्झाइम जागें होतें. माळ ओवण्याची कला एक. तिचा उपयोग ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें. आमच्या शरीरांत आय.आर.ई. वन नांवाचें एक प्रथिन आहे. पेशींत बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग सांचला म्हणजे त्याच्या प्रती एकत्र जुळतात आणि जुळल्यावरच आर.एन.ए. कापण्यास समर्थ होतात. कापणारें हत्यार एकट्याच्या हातीं उघडें देऊं नये, ही दक्षता जंतूपासून माणसापर्यंत अनेक ठिकाणीं घेतलेली दिसते.

ज्या फुटलेल्या नळीपासून ही हकीगत सुरू झाली, तिच्यांतील प्रश्न साधा होता: एका घरीं नांदणारा फेज दुसऱ्या घरीं कां नांदत नाहीं? त्याच्या उत्तरांतून कात्री मिळाली. कात्रींतून नवें वैद्यक मिळालें. आणि त्या कात्र्यांपैकीं एक विचित्र वागते म्हणून तिच्या मागें लागल्यावर हा जिना दृष्टीस पडला. विचित्र वागणुकीला दोष ठरवून बाजूला टाकलें असतें, तर हें सारें झांकलेलेंच राहिलें असतें.

यंदा मृगाच्या पहिल्या सरीनंतर अंगणांत तो सुगंध येईल, तेव्हां पायांखालच्या मातींत चाललेल्या ह्या पहाऱ्याची आठवण श्रोत्यांना झाल्यास नवल नाहीं. तेथें क्षणोक्षणीं कोठें तरी एक परका धागा एखाद्या पेशीच्या आंत शिरत असेल, आणि अंधारांत सुट्या, सुस्त बसलेल्या कात्र्या त्या धाग्यावर एकमेकींना गांठून जिना रचीत असतील. त्यांची झुंज कोणाला ऐकूं येत नाहीं. परंतु ती त्या जंतूनें जिंकली नसती, तर तो सुगंधही नसता, आणि क्षयावरचें तें औषधही कदाचित् माणसाच्या हातीं लागलें नसतें.